तिकीट पंचवीस रुपयांचे, इतिहास कोणाचा?

लेणी पाहायला जाणारा माणूस दोन ठिकाणी पैसे देतो. एकदा तिकीटखिडकीवर आणि दुसऱ्यांदा गाईडच्या हातावर. खिडकीवर दिलेले पैसे सरकारी तिजोरीत जातात आणि त्याचा कागद आपल्या हातात येतो. गाईडला दिलेल्या पैशांच्या बदल्यात मिळते ती गोष्ट. ती खरी की खोटी, याचा कागद कोणी देत नाही. आपल्या समाजात चर्चा मात्र पहिल्या पैशांचीच चालते. दुसऱ्या पैशांविषयी कोणी बोलत नाही. आम्हाला आज त्याविषयीच बोलायचे आहे.

वर्षावास सुरू झाला की कर्जत-खालापूरच्या बौद्धवाड्यांतून धम्म-सहली निघतात. महिला मंडळे वर्गणी गोळा करतात, जीप किंवा टेम्पो ठरतो. कोणी घाट चढून लोणावळा गाठतात आणि पुण्याच्या लोकलने मळवलीला उतरतात. एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. कार्ल्याच्या पायऱ्या चढून वर गेले की खिडकीपाशी कोणीतरी हमखास विचारतो, "लेणी आपल्या पूर्वजांची, मग तिकीट आपण का काढायचे?" या प्रश्नामागची चीड आम्हाला कळते. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. तिकीट काढलेच पाहिजे, आणि ते ताठ मानेने काढले पाहिजे. असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. निजामाच्या राज्यातला तो प्रवास. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याचा लहान हौद होता. त्यावर काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गलका झाला, शिवीगाळ झाली, माणसे मारायला धावून आली. अखेर आत सोडले ते एका अटीवर, की किल्ल्यात कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला, बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला हा महापुरुष. त्याला एक जुनी इमारत पाहण्यासाठी पहाऱ्यात फिरावे लागले! हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंच्या दृष्टीने अस्पृश्य असलेला माणूस इतर धर्मीयांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो लिहिला.

आता पंचवीस रुपयांच्या त्या तिकिटाकडे पुन्हा पाहा. त्यावर जात लिहिलेली नसते. खिडकीवरचा माणूस आडनाव विचारून आत सोडत नाही. हे आपोआप घडलेले नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून सत्याग्रह केला, तेव्हा कुठे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा सर्वांना खुल्या झाल्या. तिकीट हा आपल्या नागरिकत्वाचा पुरावा आहे. तो फुकटात मागून घेण्याची गरज नाही.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. आमच्या खालापूर तालुक्यात महड हे गाव आहे. चवदार तळ्याचे महाड वेगळे, हे महड वेगळे. इथे अष्टविनायकांपैकी वरदविनायक आहे, त्यामुळे अष्टविनायक यात्रेच्या गाड्या खोपोलीवरून सतत ये-जा करतात. याच यात्रेतले आणखी एक ठिकाण म्हणजे जुन्नरजवळचे लेण्याद्री. तिथला गिरिजात्मज गणपती ज्या दालनात आहे, ते दालन म्हणजे बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. तीन बाजूंना भिक्खूंच्या निवासाच्या वीस खोल्या आजही उभ्या आहेत. त्याच्या शेजारचे चैत्यगृह कोणी दिले, हेही तिथे कोरलेले आहे. दाता कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोनार, काहींच्या मते खजिनदार. म्हणजे आज आम्ही कर्जत लोकलने ज्या कल्याणवरून रोज जातो, त्या कल्याणच्या एका उपासकाचे ते दान आहे. हजारो भाविक त्या दगडाशेजारून पुढे जातात आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

लेण्याद्रीला गणपतीच्या भाविकांनाही पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागत आले आहे. ते बंद करावे, अशी मागणी अनेकदा झाली आहे. ही मागणी पंचवीस रुपये वाचवण्यापुरती आहे, असे कोणी समजू नये. तिकीट गेले की हे राष्ट्रीय स्मारक आहे ही जाणीव जाते, आणि उरते ते फक्त देवस्थान. म्हणून आमचे आपल्या बांधवांना सांगणे आहे, की तिकीट माफीची मागणी आपण चुकूनही करू नये. आज आपण आपल्यासाठी माफी मागितली, तर उद्या दुसऱ्याच्या माफीला कोणत्या तोंडाने विरोध करणार? १९५८ च्या कायद्याने संरक्षित झालेले लेणे संपूर्ण देशाचे आहे. ते तसेच राहण्यात आपले हित आहे.

तिकिटाचा हिशोबही समजून घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय पुरातत्त्व खात्याने दर वाढवले. कार्ले, भाजे यांसारख्या ठिकाणी भारतीयांना पंचवीस रुपये आणि परदेशी पाहुण्यांना तीनशे रुपये झाले. अजिंठा, वेरूळ आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील घारापुरी या जागतिक वारसास्थळांना चाळीस आणि सहाशे रुपये झाले. रोख न देता मोबाईलवरून तिकीट काढले तर भारतीयांना पाच रुपये कमी पडतात. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. निघण्यापूर्वी सुट्टीचा वार पाहावा. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. एवढी साधी माहिती नसल्यामुळे वर्गणी काढून गेलेल्या माणसांना फाटकावरून परत फिरावे लागते.

आता दुसऱ्या पैशांकडे वळू. तिकिटाने आपल्याला आत जाण्याचा हक्क दिला. आत गेल्यावर कोणाची गोष्ट ऐकायची, हा निर्णय मात्र आपला असतो, आणि तिथेच आपण गाफील राहतो. "एका रात्रीत पांडवांनी हे कोरले, उजाडले म्हणून काम अर्धवट राहिले." महाराष्ट्रात हे वाक्य कोणत्या लेण्यावर ऐकू येत नाही? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचे नाव शिलालेखात आहे, तरी जगभर ती पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. चैत्यातल्या स्तूपाला शिवलिंग म्हणणे, भिक्खूंच्या दगडी बाकाला भीमाचा पलंग म्हणणे, हे सगळे पैसे देऊन आपणच ऐकायचे! सोबतची लेकरे तेच पाठ करतात, शाळेत तेच निबंधात लिहितात. मग घरी आपण कितीही बुद्धवंदना घेतली, तरी त्यांच्या मनात लेणे पांडवांचेच राहते.

यात त्या गाईडचाच सगळा दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो पोटासाठी उभा असतो आणि त्याला जे ऐकवले गेले तेच तो ऐकवतो. पण निवडणारे आपण आहोत ना? मग निवडताना चार गोष्टी कराव्यात. पहिली, त्याच्याकडे पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का ते पाहावे. दुसरी, पैसे किती आणि किती वेळ दाखवणार, हे आधी ठरवावे. तिसरी, एकच प्रश्न विचारावा, "इथे शिलालेख कुठे आहेत आणि त्यात काय लिहिले आहे?" ज्याला हे सांगता येते, त्याला गाईड करावे. ज्याला येत नाही, त्याला नम्रपणे नकार द्यावा. चौथी गोष्ट, सहल कंपनीची गाडी ठरवत असाल, तर लेण्यावर किती वेळ थांबणार हे लिहून घ्यावे. दिवसात पाच ठिकाणे दाखवणारी सहल एकही ठिकाण दाखवत नाही.

शिलालेखाचाच प्रश्न का? कारण लेणे स्वतः बोलते ते शिलालेखातून. कार्ल्याचे चैत्यगृह हे देशातले सर्वांत मोठे शैलचैत्य. ते जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह असल्याचे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने अभिमानाने कोरून ठेवले आहे. पण खरी मौज त्याच्या आजूबाजूला आहे. दरवाजाच्या दानात धेनुकाकट गावच्या एका अत्तरविक्याचे नाव आहे, आणि ते काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. खांबांवर यवनांची, म्हणजे परदेशी उपासकांची नावे आहेत. भिक्षुणीचे दान आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत फुलांच्या माळा करणाऱ्याचे दान आहे. सुतार, माळी, व्यापारी, परदेशी आणि बाया-माणसे, सगळे एका दगडावर आपल्या नावाने उभे आहेत. जातीच्या उतरंडीवर बांधलेल्या कोणत्या वास्तूत सुताराचे नाव शेठजीच्या शेजारी कोरलेले सापडेल? ही गोष्ट आपल्या मुलांना ऐकवायची की भीमाच्या पलंगाची?

आणि यासाठी कार्ल्यापर्यंत तरी कशाला जायचे? कर्जत तालुक्यातच राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवड्याच्या वर कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे चैत्यगृह आणि विहार. लाकडी कामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली, वर नर्तक-नर्तकींच्या कोरीव चौकटी. तिथल्या एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही. गुरूचे आणि शिष्याचे नाव आहे. आपल्या तालुक्यातले सर्वांत जुने लिखित शब्द कोणते, असे कोणी विचारले, तर आम्ही याच ओळीकडे बोट दाखवू.

या कोंडाण्याला तिकीट घेतले जात नाही. खिडकी नाही आणि गाईडही नाही. परिणाम काय? पावसाळ्यात लेण्यावरून धबधबा कोसळतो आणि मुंबई-पुण्याची गर्दी त्याखाली भिजायला येते. बलकाच्या ओळीखाली बाटल्या पडतात. अपघात वाढले की प्रशासन कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते, आणि पाऊस ओसरला की सगळे विसरले जाते. त्याच खालापुरात इमॅजिकाच्या दारात हजाराच्या घरातले तिकीट काढून लोक मुकाट रांगेत उभे राहतात. तिथे रखवालदार आहे, फलक आहे, कचऱ्याचा डबा आहे. दोन हजार वर्षांच्या वारशाला यातले काहीच का नसावे? कोंडाण्याला उद्या पंचवीस रुपये तिकीट लावले आणि त्यातून एक कायमचा पहारेकरी आणि शिलालेखाचा अर्थ सांगणारा एक मराठी फलक मिळाला, तर पहिले तिकीट काढायला आम्ही तयार आहोत.

पण सरकारच्या तोंडाकडे पाहत बसणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही. मुंबई-ठाण्यात धम्मलिपी शिकवणारे वर्ग चालतात. रविवारी काही तास दिले, तर शिकलेला कोणताही तरुण साधे शिलालेख वाचू लागतो. कर्जत आणि खालापूरच्या प्रत्येक शाखेने या वर्षावासात एक मुलगा आणि एक मुलगी त्या वर्गाला पाठवावी. जाण्या-येण्याचे भाडे शाखेने द्यावे. कोंदिवड्याच्या परिसरातील ठाकर, कातकरी मुलांना बरोबर घ्यावे, कारण डोंगराची वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही, आणि दाखवण्याच्या कामातून चार पैसे मिळाले तर ते त्यांच्याही घरी गेले पाहिजेत. दर ठरवावा, तो फलकावर लिहावा, येणाऱ्याची नोंद वहीत करावी. कोणाच्या श्रद्धेला शिव्या घालण्याची गरज नाही. कार्ल्याला चैत्याच्या दारात एकवीरेचे मंदिर आहे, तिथे आगरी-कोळी बांधव भक्तीने येतात. त्यांच्याशी भांडण न करता, शेजारच्या चैत्याचा इतिहास त्यांनाही प्रेमाने सांगता आला पाहिजे. सत्याला आरडाओरड लागत नाही. वाचता येणारा माणूस लागतो.

१९३४ साली बाबासाहेबांबरोबर शिपाई होता, तो त्यांनी पाण्याला हात लावू नये म्हणून. आज आपल्या सोबत कोणी शिपाई नाही. इतिहासाला हात लावायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. मग अडले आहे कुठे? येत्या आषाढ पौर्णिमेला शाखेच्या बैठकीत वर्गणीच्या वहीबरोबर हा विषयही ठेवा. कान्हाने एक शिष्य घडवला आणि त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्या दोन तालुक्यांतून असे दहा शिष्य घडायला हरकत नाही.

जयभीम.