शोभेचे चाक आणि मापाचे चाक

मोटार जुनी झाली म्हणून ती टाकून द्यावी, असे आपल्याकडे सहसा कोणास वाटत नाही. वडिलांनी काटकसर करून घेतलेली गाडी पुढे मुलगा चालवितो आणि गावातला मेकॅनिक तिला पुनःपुन्हा उभी करतो. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही त्या जातीच्या गाड्या अजून धावताना दिसतात. वस्तू जपून वापरण्याचा हा गुण स्तुत्यच आहे. परंतु या गुणाबरोबर तरुणांत एक हौसही वाढली आहे. जुन्या गाडीचे रूप पालटावयाचे, म्हणून प्रथम तिची मूळची चाके काढावयाची आणि त्यांच्या जागी मोठी, रुंद, चकाकणारी अलॉय चाके बसवावयाची!

हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो डोळ्यांनी चाक निवडण्याला. चाक हा गाडीचा दागिना नव्हे. ते तिचे पाऊल आहे. आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीचे चाक करविले, तेव्हा तुंबा, आरे, आस आणि लोखंडी धाव यांचा मेळ आधी पाहिला. रंगाचा विचार मागाहून केला. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम उलटा करू लागलो आहोत.

विद्यार्थी मित्रहो, सातवी-आठवीचे गणित येथे पुरेसे आहे. टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. आणि १२ हा रिमचा इंचांतील व्यास. भिंत १०१.५ मिलिमीटर, तिची दुप्पट २०३, आणि १२ इंच म्हणजे ३०४.८. चाकाचा एकूण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर झाला. मारुती ८०० चे माप हेच आहे.

आता कोणी म्हणेल, तेरा इंची चाक घालू, १५५/६५ आर १३. हिशेब केला तर त्याचा व्यास सुमारे ५३२ भरतो. ही वाढ पावणेपाच टक्क्यांच्या जवळ जाते. जाणकार साधारणतः तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे सांगतात. वेग दाखविणारा काटा ६० वर असेल, तेव्हा गाडी खरोखर ६३ च्या आसपास धावेल. आणि ब्रेक तोच असूनही रस्त्यावर त्याचा जोर तितक्याच प्रमाणात उणा पडेल. गंमत अशी की, हेच टायर आल्टोच्या १४५/८० आर १२ या मापाऐवजी बसविले, तर व्यासातील फरक एक टक्क्याच्या आत राहतो. कारण आल्टोचे मूळ चाकच सुमारे ५३७ मिलिमीटर व्यासाचे आहे. दोन्ही गाड्या एकाच कारखानदाराच्या, दोन्हींची रिम बारा इंची. तरी जे एकीला शोभते ते दुसरीला बाधते. म्हणून ‘मित्राच्या गाडीला बसले, माझ्याही बसेल’ हा युक्तिवाद फोल आहे.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले, असेही नाही. त्याच आल्टोला १६५/५५ आर १४ टायर घातले, तर व्यास जवळजवळ तोच राहतो. परंतु भिंतीची उंची ११६ वरून ९१ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का झेलणारी रबराची गादी पंचवीस मिलिमीटरने पातळ झाली! पावसाळ्यानंतरचे आपल्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पावी. चाक ज्या पृष्ठभागाने गाडीला टेकते, तो या रेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. समजा, पाच इंची रिमचा ऑफसेट ४५ आहे आणि आपण सहा इंची, ३५ ऑफसेटची रिम घेतली. रुंदीमुळे बाहेरची कड १२.७ आणि ऑफसेटमुळे आणखी १०, अशी एकूण २२.७ मिलिमीटर बाहेर येते. रिकामी गाडी दुकानासमोर ऐटदार दिसते. पण बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि माणसे बसली की टायर मडगार्डला घासू लागतो. लोधीपुऱ्यातून निघून घरची पाच माणसे घेऊन असीरगडचा घाट चढावयाचा असेल, तर परीक्षा भरल्या गाडीची घ्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून घ्यावी. बोल्टांच्या भोकांचे वर्तुळ आणि मधले भोक हीही तंतोतंत जुळलीच पाहिजेत.

टायरचे वय आणि बळही वाचता येते. भिंतीवरील चार आकडे निर्मितीचा काळ सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. भारांक ६९ असेल, तर एक टायर ३२५ किलो पेलतो. यापेक्षा दुबळे टायर घेऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली की मोटारीचा टायर नियमाने बाद होतो. फियाट वा अँबॅसडर यांसारख्या जुन्या गाड्या मुळात क्रॉस-प्लाय टायरांच्या. त्यांना रेडियल घालावयाचे तर चारही घालावेत, एका आसावर दोन जाती कधीही मिसळू नयेत.

कोणी म्हणेल, ‘गाडी आमची, पैसा आमचा, इतरांना काय त्याचे?’ परंतु रस्ता आपल्या एकट्याचा नाही. त्यावर सायकलवरून शाळेस जाणारी मुले आहेत, केळीने भरलेल्या गाड्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांनी प्रथम तिची माहितीपुस्तिका उघडावी, मग कागद-पेन्सिल घ्यावी आणि सर्वांत शेवटी दुकानात जावे. मापात राहूनही सुंदर चाके मिळतात. ज्या चाकावर आपली आई, आपली धाकटी भावंडे विश्वासाने बसतात, त्याची निवड आरशापुढे नव्हे, हिशेबाच्या वहीपुढे झाली पाहिजे.