सत्तेची अब्रू आणि संपादकाचा तुरुंग

१८८२ च्या जुलै महिन्यात टिळक आणि आगरकर यांची रवानगी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात झाली, ती राजद्रोहासाठी नव्हे, तर बदनामीसाठी. कोल्हापूरचे कारभारी बर्वे हे तरुण छत्रपतींचा छळ करीत असल्याचा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी छापला होता. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली, संपादकांनी माफीही मागितली. तरी चार महिन्यांची साधी कैद चुकली नाही. न्यायालयात खल झाला तो पत्रांच्या खरेखोटेपणाचा. महाराजांना कशी वागणूक मिळते, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे बंदिवासातच महाराजांचा मृत्यू झाला. कारभाऱ्याची अब्रू कायद्याने राखली. राजाचा जीव मात्र कोणी राखला नाही.

हा कायदा आजही जिवंत आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९९ व ५०० आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ झाले आहे. गुलामीच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा करीत ही संहिता आणली गेली. परंतु दोन वर्षांच्या कैदेची तरतूद कायमच राहिली, तिच्या जोडीला समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय तेवढा आला. ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्यावर लादला त्यांनी स्वतःच्या देशातील फौजदारी बदनामीचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. श्रीलंकेने तो २००२ मध्येच मोडीत काढला. आपल्या विधी आयोगाने मात्र २०२४ मध्ये तो राहू द्यावा, अशीच शिफारस केली.

या कायद्याची घडण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. दिवाणी दाव्यात ‘लिहिले ते सत्य आहे’ एवढा बचाव पुरतो. फौजदारी खटल्यात तो पुरत नाही. ते सत्य लोकहितासाठी छापले हेही आरोपीनेच सिद्ध करावे लागते. संपादकाबरोबर मुद्रक आणि विक्रेताही या जाळ्यात सापडतो. शिवाय मंत्र्याच्या सरकारी कामकाजावर टीका झाली, तर त्याला स्वतः फिर्यादी व्हावे लागत नाही. शासनाच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो. म्हणजे टीका मंत्र्यावर आणि खटल्याचा खर्च जनतेच्या तिजोरीतून! तालुक्याच्या गावी कर्ज काढून साप्ताहिक चालविणाऱ्या संपादकाला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. समन्स, जामीन, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षे पडणाऱ्या तारखा हीच त्याची शिक्षा असते. तो निर्दोष सुटतो तेव्हा छापखाना बंद पडलेला असतो.

तामिळनाडूत जयललिता सरकारने पाच वर्षांत बदनामीच्या २१३ फिर्यादी दाखल केल्याचे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पत्रकारांवरील अशा अनेक जुन्या फिर्यादी मद्रास उच्च न्यायालयाने २०२० च्या मे महिन्यात रद्द केल्या; पण तोवर आरोपींची आठ-आठ वर्षे खर्ची पडली होती. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर २०१८ मध्ये केलेल्या फिर्यादीत त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्दोष ठरल्या. लैंगिक छळाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या स्त्रीला सव्वादोन वर्षे आरोपी म्हणून वावरावे लागले!

प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा कायदा घटनासंमत ठरविला. या युक्तिवादाची आम्ही थट्टा करीत नाही. गरिबाजवळ अब्रूखेरीज दुसरे असते काय? वृत्तपत्रेही चुकतात, कोल्हापूर प्रकरणच त्याचा पुरावा आहे. पण चुकीला उपाय खुलासा, माफी आणि भरपाई हा असावा, गजाआड करणे हा नव्हे. याच न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटले होते की, शासनसंस्थेला बदनामीची भरपाई मागता येणार नाही. आणि अधिकाऱ्यालाही आपल्या अधिकृत कृत्यांबाबत, मजकूर खोटा व सत्याची बेपर्वाई करून छापलेला असल्याखेरीज ती मिळणार नाही. म्हणजे जिथे रुपयाची भरपाई मिळणे अवघड, तिथे तुरुंगाचा धाक घालणे मात्र सोपे! ही विसंगती लोकशाहीला शोभणारी नाही.

असे कायदे हटत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, राष्ट्रपती, पंतप्रधान आदींची बदनामी करणाऱ्या लिखाणाला ‘आक्षेपार्ह मजकूर’ ठरविणारा कायदा झाला. जनता सरकारने तो १९७७ मध्ये रद्द केला. १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने बदनामी विधेयक प्रचंड बहुमताच्या जोरावर लोकसभेत संमत करून घेतले. देशभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले आणि महिन्याभरात ते मागे घ्यावे लागले. संख्याबळ त्यांच्याकडे होते, लोकमत आपल्याकडे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बदनामीची फौजदारी कलमे रद्द करा. तोवर निदान मंत्र्यांसाठी सरकारी वकिलाने फिर्याद करण्याची तरतूद तरी काढून टाका. आणि तुरुंगाची जागा कोट्यवधींच्या दाव्यांनी घेऊ नये, म्हणून भरपाईच्या रकमेलाही वाजवी मर्यादा घाला.

परंतु मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. विरोधात असताना या कायद्याचा निषेध आणि सत्ता मिळताच त्याचाच आसरा, हा खेळ देशातील अनेक पक्षांनी खेळला आहे. आपल्या पक्षाचा आमदार, नगरसेवक वा सरपंच एखाद्या वृत्तपत्राच्या टीकेने दुखावला, तर त्याने उत्तर लिहावे, सभा घ्यावी, फार तर दिवाणी दावा लावावा. फौजदारी फिर्याद मात्र करू नये. तसा ठराव प्रत्येक जिल्हा शाखेने करावा आणि उमेदवारी देताना तो लेखी मान्य करून घ्यावा. ज्याला लोकांच्या प्रश्नांची भीती वाटते, त्याने लोकांची मते मागू नयेत.