थंडीतील नौकाविहार आणि जाकिटाचा हिशेब

नाताळची सुटी जवळ आली की शाळा-महाविद्यालयांच्या सहली नवेगाव बांधाकडे वळतात. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव पाहुण्या पक्ष्यांमुळे हिवाळ्यातच खुलतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गोंदियाचा पारा विदर्भात अनेकदा तळाला असतो. वल्ह्याच्या नावेतून विहार करण्याची तरुणांची हौस स्वागतार्हच आहे. परंतु गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची ऊब काढून घेते, बोटे आखडतात, वल्हे सुटते. ‘आमच्या मुलांना पोहता येते’ हे उत्तर येथे अपुरे ठरते.

बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. जाकिटाचा खर्च वाचतो तो आयोजकाचा. जोखीम मात्र पालकांच्या पदरी पडते. हा हिशेबच खोटा आहे.

सहलींवर बंदी घालणे हा परिपत्रके काढणाऱ्यांचा आवडता उपाय. त्यापेक्षा सहलीच्या वर्गणीतच प्रत्येकाचे जाकीट, सोबतीची एक रिकामी नाव आणि तलावाचा तळ जाणणाऱ्या ढिवर बांधवाची दिवसाची मजुरी धरावी. वर्गणी वाढेल, ज्यांना ती झेपणार नाही त्यांचा भार संस्थेने उचलावा. आणि धुके विरून ऊन चढेपर्यंत नाव पाण्यात लोटू नये, मग सहलीचे वेळापत्रक काहीही सांगो.