वैमानिकाची पहिली कसोटी जमिनीवरच

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम आणि मनुष्यबळाची टंचाई हे विषय प्रथमच घरोघरी चर्चिले गेले. दाबोळी आणि मोपा येथे अडकलेल्या प्रवाशांनी तो मनस्ताप प्रत्यक्ष अनुभवला. या गदारोळातून अनेक पालकांच्या मनात मात्र निराळाच अर्थ उतरला: वैमानिक कमी आहेत, म्हणजे मुलाला वैमानिक केले की नोकरी ठरलेली. हा अर्थ अर्धवट आहे. तो किती अर्धवट आहे, हे समजून घेण्यासाठी गोव्याबाहेर, बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ येथे लिहिली गेली आणि बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभव मंटप येथे भरला. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर कर्नाटकात असलेल्या या तालुक्यात मराठी ही आजही घराची आणि बाजाराची भाषा आहे. बिदरला हवाई दलाचा तळ आहे. हॉक प्रशिक्षक विमाने आणि ‘सूर्यकिरण’ पथक तेथलेच. त्यामुळे विमान ही या जिल्ह्यातील मुलांसाठी केवळ पुस्तकातील वस्तू नाही. दुसऱ्या बाजूला, दीड-दोन तासांच्या अंतरावर कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव, खजुराहो, लीलाबारी यांच्यासह कर्नाटकातील बेळगाव आणि कलबुर्गी ही दोन नावे होती. पैकी बेळगाव आपल्याला घाट चढला की लागते.

म्हणजे धावपट्टी दाराशी आली. तरीही परवाना दाराशी आलेला नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याचा खर्च साधारणपणे पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो, हेही ठाऊक असते. कारण कर्जासाठी शेतजमीन गहाण टाकायची की घर, याची चर्चा याच आकड्यापासून सुरू होते. जे ठाऊक नसते ते असे, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या २०० तासांना कागदावर किंमत नाही. हवाई दिक्चालन, विमानविषयक हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाच्या तंत्राचे विषय, प्रत्येकात किमान ७० टक्के गुण. खेरीज रेडिओ संभाषणाचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आजवर दूरसंचार विभाग देत असे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो अधिकार महासंचालनालयाकडे सोपवला, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चांगली घटना आहे. दोन खात्यांचे उंबरे झिजवण्याऐवजी एकच.

या परीक्षा प्रश्नसंच पाठ करून काढता येतात, असा समज शिकवणी वर्गांच्या परिसरात पसरलेला आहे. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत तो काही प्रमाणात खराही ठरतो. पण या अभ्यासाचा आशय पाहा. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. मे महिन्यात तेथे पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा विरळ होते, आणि इंजिन व पंख यांच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू पाच हजार फुटांवर जाऊन बसते. विमान उचलायला अधिक लांबी लागते, वर चढणे मंदावते. किंवा उंचीमापक घ्या. तो मुळात हवेचा दाब मोजतो. अधिक दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात जाताना तो नव्याने जुळवला नाही, तर काटा दाखवतो त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात खाली असते. दिक्चालनातला साठास एकचा नियमही असाच आहे: साठ मैल गेल्यावर मार्गापासून एक मैल सरकलात, तर दिशा एका अंशाने चुकली. या गोष्टी ज्याने केवळ ‘पर्याय क’ म्हणून लक्षात ठेवल्या, त्याला गुण मिळतील. एकट्याने तीनशे सागरी मैलांचा प्रवास करताना तो काय करील, हा प्रश्न उरतोच.

बसवकल्याणच्या मुलाची अडचण येथून पुढे सुरू होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, राज्यभाषा म्हणून कन्नड, आणि परीक्षा व तिची सर्व पुस्तके इंग्रजीत. ‘मान्सूनचा आस’ त्याला कळतो, पण इंग्रजी प्रश्नातील दुहेरी नकार त्याला अडवतो. गोव्यात मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून पुढे गेलेल्या मुलाचा अनुभव फार निराळा नसावा. मराठीत परिभाषेची वाण नाही. ती कोशांत आहे, वर्गात नाही. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी ही अट आणखी एक. कला आणि वाणिज्य शाखांना दार उघडण्याचा विचार महासंचालनालयात सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. स्वतः कला शाखेचा असल्याने प्रस्तुत लेखकाला त्या वाचून बरे वाटले, परंतु अट गेली तरी वाऱ्याचा त्रिकोण सोडवावाच लागणार आहे.

मग परीक्षा आधी द्याव्यात की उड्डाणाबरोबर? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. सकाळी स्वतः वाऱ्याशी झुंजलेला विद्यार्थी संध्याकाळी दिक्चालनाचे प्रकरण वेगळ्या नजरेने वाचतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमाने जमिनीवर बसतात, ते दिवस अभ्यासाचेच. तथापि मध्यमवर्गीय कुटुंबासाठी हिशेब वेगळा आहे. वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज पावसाळ्यात थांबत नाही. म्हणून प्रथम वर्ग एकची वैद्यकीय तपासणी, नंतर घरी राहून निदान नियम, हवामान आणि दिक्चालन हे विषय, आणि मगच मोठा हप्ता, हा क्रम आम्हांला शहाणपणाचा वाटतो. मुलाला हे शास्त्र मुळात रुचते का, हेही त्यात थोड्या पैशांत कळून येते. परवान्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा खर्च असतो. टंचाई प्रामुख्याने अनुभवी कॅप्टनांची आहे, हे जाहिराती सांगत नाहीत.

शासनाकडे बोट दाखवण्याजोगी एक जागा आहे. संविधानाच्या ३७१ (ञ) अनुच्छेदाने कल्याण कर्नाटकातील शैक्षणिक आणि व्यावसायिक प्रशिक्षण संस्थांमध्ये स्थानिकांसाठी जागा राखण्याची तरतूद केली आहे. सरकारी विमानतळाच्या जागेवर चालणारी वैमानिक प्रशिक्षण संस्था या व्याख्येत का बसू नये, हे बिदर-कलबुर्गीच्या आमदारांनी बंगळुरूत विचारायला हवे. महाराष्ट्रानेही सीमाभागातील ८६५ गावांसाठी आरोग्य योजना लागू केली. त्याच यादीतील मुलांसाठी बिदर किंवा उमरग्यात या पाच विषयांचा एक वर्ग चालवणे विमान विकत घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल. एक फळा, एक निवृत्त हवाई दल अधिकारी आणि मराठीत समजावून इंग्रजीत सोडवून घेणारी एक शिकवणी, एवढेच त्यासाठी लागते. निवृत्त अधिकारी बिदरमध्ये शोधावे लागू नयेत.