सहाव्या वर्षी येणारी दाढ

मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार



मी बोळिंजला राहते. गेल्या पावसाळ्यात माझी सात वर्षांची नात रात्री दोन वाजता गाल धरून रडत उठली. लवंग दाताखाली धरायला दिली, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, तरी सकाळपर्यंत गाल सुजलाच. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर खालच्या जबड्यात अगदी मागे, दाढेच्या खाचेत बाजरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. नात कधीमधी दुखतं म्हणायची, तेव्हा मीच सुनेला सांगत होते, "दुधाचीच आहे, पडेल आपोआप." दंतवैद्य बाई म्हणाल्या, "आजी, ही कायमची दाढ आहे. वरून ठिपका दिसतो, आतून पोखरली गेलीय."

त्या दिवसापासून भेटेल त्याला मी हेच सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे ही नवी दाढ उगवते. ती येताना जुना दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताही लागत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, आणि लहान मुलाचा ब्रश समोरच्या दातांवर फिरून थांबतो. आयुष्यभर जिच्यावर घास चावायचा, तीच अशी पहिल्या वर्ष-दोन वर्षांत किडते.

कीड म्हणतो आपण, पण आत किडा नसतो. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात; ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. लाळ ते आम्ल निवळवते, झालेली झीजही थोडी भरून काढते, पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास उसंत लागते. मूल दर थोड्या वेळाने काही ना काही चघळत राहिलं, तर ती उसंत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्लं याच्याइतकंच ते दिवसातून किती वेळा खाल्लं, हेही पाहावं लागतं. आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आमच्या पट्ट्याचा अभिमान आहे. मुलांना ती जरूर द्यावी, पण जेवणाबरोबर, आणि वर चूळ भरायला लावावी. चिकट गोळ्या, क्रीमची बिस्किटं आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली मात्र दातांचा घात करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्याकडे उपाय नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. त्यात तपासायच्या ३० दोष-आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. या कार्यक्रमाच्या तपासणी पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं, असं ठरलेलं आहे. ज्या मातीतून हा कार्यक्रम देशभर गेला, तिथे तो सर्वांत नेटका चालावा, ही अपेक्षा जास्त नाही.

आयुक्त महोदय, माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, बोळिंजपासून सुरुवात करून पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाची मागची दाढ दंतवैद्याकडून तपासून घ्या. ती निरोगी असेल तर तिच्या खाचा सीलंटच्या लेपाने बुजवा. त्याला सुई लागत नाही, दात कोरावा लागत नाही, काही मिनिटांत काम होतं.

दुसरी, शाळेत पोषण आहारानंतर चूळ भरण्याची शिस्त लावा आणि पालकसभेत ब्रश दाखवून शिकवा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. घासून झाल्यावर फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये. रात्रीचा ब्रश चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

तिसरी, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमाने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाला बरोबर घेऊन ती पाळली जाते का, ते पाहा.

शाळा कुणाच्याही अखत्यारीत असो, मूल या शहराचं आहे.

नातीची दाढ वाचली, पण त्यासाठी चार खेपा झाल्या, आणि ज्यांच्या घरी रोजंदारी बुडवून अशा खेपा घालणं जमत नाही, ते दाढ काढूनच मोकळे होतात. जूनमध्ये पहिलीचा नवा वर्ग भरेल. त्यातल्या कित्येकांच्या हिरडीतून ही दाढ तेव्हा नुकती डोकावत असेल, अजून एकही ठिपका नसलेली. आपलं पथक त्याच महिन्यात पोचावं, एवढीच विनंती.

आपली नम्र,
बोळिंजची एक आजी