भिंतीवरचे बाबासाहेब आणि जहांगीरची पायरी

तुमच्या वस्तीच्या चौकात भिंतीवर बाबासाहेब आहेत. निळा कोट, हातात राज्यघटना. ते कुणी काढले? नाव सांगा.

नाही सांगता येत. त्याला आपण पेंटर म्हणतो. ए पेंटर, चहा घे. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच भिंतीवर खडू-दोऱ्यानं मारायच्या नि एकेक चौकट वाढवत न्यायची. चष्म्यामागची नजर जरा चुकली की अख्खी वस्ती ओरडते, हे आपले बाबासाहेब नाहीत! इतका कडक समीक्षक मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत कुणाला भेटत नाही. तरी तिथं लावतो तो चित्रकार आणि आपला तो पेंटर. ही वर्णव्यवस्था कुणाची?

जहांगीर १९५२ साली उघडली. तिथं भिंत आठवड्याच्या भाड्यानं मिळते, नंबर लागायला वर्षं जातात. जळगावच्या पोरानं भाडं, फ्रेमा, मुंबईत टेकायला जागा आणायची कुठून? नुसतं बघायला जायचं तर तिकीट नाही, तरी पायरीवर पाय उचलत नाही. नागपूरचे सवी सावरकर गळ्यातलं मडकं कॅनव्हासवर घेऊन पार पुढं गेले, ते आपलेच. पण एकाच नावावर किती दिवस छाती फुगवायची?

आणि ही मुंबईची कला शिकली कुठं? जेजे स्कूल १८५७ चं. १८७२ पासून तिथले विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबाबरोबर अजिंठ्याला येऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. वर्षानुवर्षं. नकला लंडनला गेल्या, त्यांतल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. अजिंठा जळगाव स्टेशनापासून साठेक किलोमीटर. बुद्धाच्या भिंती त्या. रंगवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, म्हणजे तेही पेंटरच! ते आपल्या दारी शिकून गेले, आणि आपण त्यांच्या दारी सर्टिफिकेट मागत उभे.

१९७२ साली आपण पँथर हे नाव अमेरिकेतून घेतलं. ब्लॅक पँथरच्या पेपरात चित्रं काढणारा एमरी डग्लस मात्र आपल्यात किती जणांना माहीत? बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला ज्या कोलंबियात शिकले, त्याला लागूनच हार्लेम, काळ्यांची वस्ती. जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या मेट्रोपोलिटन म्युझियमनं हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं. फोटो होते, आवाज होते. हार्लेमच्या चित्रकाराचं एक चित्र नव्हतं. तुमचं जगणं टांगू, तुमची कला नाही! काळे चित्रकार बोर्ड घेऊन दारात उभे राहिले. पण त्यांची सगळी भिस्त त्या दारावर नव्हती. आदल्याच साली, १९६८ ला, हार्लेममध्येच दारूच्या दुकानावरच्या माडीवर स्टुडिओ म्युझियम सुरू झालेलं होतं. माडी वस्तीतली, बघणारा वस्तीतला.

आपण काय केलं? फ्लेक्स आणला. १४ एप्रिलला कोपऱ्यात बाबासाहेब, बाकी सगळी शुभेच्छुकांची तोंडं, गॉगल घालून. पेंटरचं दुकान बसलं, तो घरांना चुना मारत फिरतोय. हे भटांनी नाही केलं भो, वर्गणीची पावती फाडणाऱ्यांनी केलं. म्हणे फ्लेक्स स्वस्त पडतो. पडतो ना. डीजे ठरवताना मात्र स्वस्त-महाग आठवत नाही.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब खटल्यासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दर ३१ जुलैला तिथं माणसं लोटतात. तिथं एका मांडवात आपल्या पेंटरांची चित्रं का लागू नयेत? कनात, सुतळी, चिमटे, एवढंच लागतं. चित्राखाली नाव नि गाव, ठळक अक्षरात. आणि १४ एप्रिलची एक तरी भिंत ब्रशनं, मजुरी रोख देऊन.

पुढच्या मीटिंगला वर्गणीचा विषय आहेच. पेंटरला बोलवायला कोण जातंय, ते त्याआधी ठरवा.