अभ्यासाचा तास कोणाचा?

परीक्षा जवळ आली की परिचर्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांत एक प्रश्न हमखास निघतो : अभ्यासाला दिवसातील उत्तम वेळ कोणती? उत्तरही ठरलेले असते. पहाटे उठावे, चित्त शांत असते, वाचलेले स्मरणात राहते. हा उपदेश महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि ज्याच्या घरी पाणी भरण्याचे व चूल पेटविण्याचे काम दुसरेच कोणी करीत असे, त्याच्यापुरता तो खराही होता. परंतु रात्रपाळीवरील विद्यार्थिनीच्या दृष्टीने पहाटेचे चार म्हणजे वॉर्डातून फिरून रुग्णांचा ताप, नाडी व रक्तदाब पाहण्याची वेळ. त्या सुमारास तिच्या स्वतःच्या शरीराचे तापमान चोवीस तासांतील नीचांकाजवळ असते आणि डोळे उघडे ठेवणे हीच कसरत होऊन बसते.

शरीराला स्वतःचे घड्याळ असते, ही गोष्ट आता केवळ लोकानुभवावर अवलंबून राहिलेली नाही. त्या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या अमेरिकन संशोधकांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून असे दाखविले होते की, पाठांतरानंतर माणूस झोपला तर कमी विसरतो, जागा राहिला तर अधिक. तेव्हा अभ्यासाची वेळ घड्याळाच्या काट्यावर शोधण्यापेक्षा झोपेच्या अलीकडे-पलीकडे शोधणे शहाणपणाचे. रात्रपाळी करून आलेल्या मुलीने खोलीत शिरताच पुस्तक उघडणे हा निव्वळ अपव्यय आहे. तिने आधी झोपावे आणि दुपारी उठून, अंगातली सुस्ती ओसरल्यावर, कठीण विषय हाती घ्यावा. दुपारपाळी असेल तर सकाळी नऊ ते अकरा हेच तिचे धन. सकाळपाळीनंतर मात्र जेवून थोडे पडल्याशिवाय बसण्यात अर्थ नाही.

आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे, त्या दिवशी वॉर्डात हाताने जे केले त्याची उजळणी. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे, नळीतून मिलिलिटरला १५ थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? सुमारे ३१. परीक्षेत हे गणित चुकले तर दोन गुण जातात. वॉर्डात चुकले तर ते कोणाच्या तरी शिरेत उतरते.

येथवरचा सल्ला ठीक आहे. तथापि तो देणारा एक गोष्ट गृहीत धरतो, ती अशी की, विद्यार्थिनीची वेळ विद्यार्थिनीच्या मालकीची आहे. वस्तुतः तिचा दिवस पाळीच्या तक्त्याच्या मालकीचा असतो. या आठवड्यात सकाळ, पुढच्या आठवड्यात दुपार, मग रात्र. आणि एखादी अधिपरिचारिका रजेवर गेली की आदल्या संध्याकाळी केलेला बदल. दर आठवड्याला फिरणाऱ्या तक्त्याशी शरीराचे घड्याळ जुळते न जुळते तोच तो तक्ता पुन्हा फिरतो. अशा मुलीला ‘नियमित वेळी अभ्यास कर’ असे बजावणे म्हणजे भूमिहीनाला पिकांची फेरपालट शिकविण्यासारखे आहे.

या व्यवस्थेला इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तीत मुली वॉर्डात राबतच शिकत. हा नमुना पुढे जगभर पसरला आणि रुग्णालयांच्या ध्यानात आले की, परिचर्येची शाळा काढणे हे परिचारिका नेमण्यापेक्षा स्वस्त पडते. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने हे दुखणे स्पष्ट मांडले : रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांचा झगडा झाला की हार शिक्षणाची होते. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, अभ्यासक्रम आला, तासांचे हिशेब आले. तरीही जेथे परिचारिकांच्या जागा रिकाम्या राहतात, तेथे ती पोकळी शिकणाऱ्या मुलींनी भरून काढावी हा मोह सुटलेला नाही. सरकारी संस्थेत निदान काही विद्यावेतन तरी मिळू शकते. खाजगी संस्थेत मुलगी फी भरते आणि वर श्रमही देते. ऋण वेतनाचे हे प्रकरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

वॉर्ड हाच खरा वर्ग, असे यावर सांगितले जाईल. ते अमान्य करण्याचे कारण नाही. थेंबांचे गणित फळ्यावर कळते, पण हातात बसते ते खाटेपाशीच. प्रश्न एवढाच की, त्या खाटेपाशी शिकविणारी पाठ्यनिर्देशिका उभी आहे काय? ती नसेल, आणि पन्नास रुग्णांच्या वॉर्डात दुसऱ्या वर्षाची मुलगी रात्री जवळजवळ एकटी असेल, तर त्याला शिक्षण म्हणणे धाडसाचे होईल. पाठ्यनिर्देशिकांचीच संख्या अपुरी असेल, तर तो वेगळा खर्च आहे आणि तो संस्थेने करावयाचा आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. पाळीचा तक्ता महिनाभर आधी लागावा आणि अधिसेविकेच्या लेखी आदेशाखेरीज बदलू नये. रात्रपाळीनंतर त्याच सकाळी व्याख्यानाची हजेरी घेतली जाऊ नये. ग्रंथालयाचे दार पाच वाजता बंद होते ते रात्री दहापर्यंत उघडे राहावे, कारण सकाळपाळीची मुलगी जेवून, विश्रांती घेऊन तेथे पोहोचेपर्यंत पाच वाजलेलेच असतात. वसतिगृहात रात्रपाळीवाल्यांच्या खोल्या वेगळ्या असाव्यात, म्हणजे दिवसा बादल्यांच्या खडखडाटात त्यांना झोपावे लागणार नाही. यांपैकी पहिल्या दोहोंना तर एक पैसाही लागत नाही.